बॉयलरचं पाणी आणि केमिकल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साखर कारखाने, प्रोसेस हाऊस, डेअऱ्या आणि एमआयडीसीतले छोटे कारखाने इथून बॉयलर अटेंडंट, शिफ्ट केमिस्ट आणि मालक मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नव्यांसाठी आहेत, अवघड प्रकरणं शेवटी आहेत. आकडे मार्गदर्शक आहेत. तुमच्या बॉयलरच्या मेकरने दिलेल्या मर्यादा वेगळ्या असतील तर त्याच पाळा.

१. बॉयलरच्या पाण्यात केमिकल का टाकावं लागतं? साधं स्वच्छ पाणी चालत नाही का?

डोळ्यांना स्वच्छ दिसणारं पाणी बॉयलरसाठी स्वच्छ असेलच असं नाही. आपला बराचसा महाराष्ट्र बेसॉल्टच्या खडकावर आहे. त्यामुळे विहिरी आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट आणि सिलिका विरघळलेली असते. पाणी तापलं की बायकार्बोनेट फुटतं, कार्बोनेटची खपली ट्यूबवर बसते आणि कार्बन डायऑक्साइड वाफेबरोबर निघून जातो. घरच्या बंबात तळाला बसणारा पांढरा थर हाच. फरक इतकाच की बॉयलरमध्ये त्या थराच्या पलीकडे भट्टी असते.

शत्रू तीन: कडकपणा (पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) आणि सिलिका, विरघळलेला ऑक्सिजन, आणि आम्लता. शक्य तितकं बाहेरच अडवायचं आणि त्यातून जे निसटलं ते केमिकलने निस्तरायचं, हा क्रम आहे. तो उलटा करून सॉफ्टनर बंद आणि केमिकल दुप्पट, असं जिथे चालतं तिथे ट्यूब जातातच.

२. आमच्याकडे सॉफ्टनर आहे. मग केमिकलचा खर्च कशाला?

सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम सोडतो, इतकंच. टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) कमी होत नाही, सिलिका जात नाही, ऑक्सिजन जात नाही आणि बायकार्बोनेटही तसंच राहतं. शिवाय सॉफ्टनर थोडा तरी गळतोच.

ही गळती किती महागात पडते ते पाहा. तासाला १० टन फीड वॉटर (बॉयलरला दिलं जाणारं पाणी) घेणारा बॉयलर आहे आणि त्या पाण्यात फक्त ५ पीपीएम (दहा लाखांत पाच भाग) कडकपणा आहे. म्हणजे तासाला ५० ग्रॅम आणि दिवसाला १.२ किलो खपलीचा माल आत गेला. १५० दिवसांच्या हंगामात १८० किलो. हा माल ब्लोडाऊनने (बॉयलरमधलं थोडं पाणी बाहेर सोडून) बाहेर काढता येईल अशा स्थितीत ठेवणं हे फॉस्फेट आणि पॉलिमरचं काम (प्रश्न ६).

३. खपलीचा पातळ थर असला तर काय बिघडतं? आमचा बॉयलर दहा वर्षं असाच चालतो.

भट्टीसमोरच्या ट्यूबच्या दर चौरस मीटरमधून १०० किलोवॅट उष्णता आत जाते असं धरा. हा काही टोकाचा आकडा नाही. कार्बोनेटच्या १ मिलिमीटर थराला ती उष्णता पलीकडे ढकलायला साधारण १०० अंशांचा फरक लागतो. १० किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाला पाणी सुमारे १८४ अंशांवर उकळतं, म्हणजे ट्यूबचा धातू २८० च्या पुढे गेला. हे अजून निभतं. पण तोच १ मिलिमीटर थर सिलिकायुक्त असेल तर त्याची उष्णतावाहकता पाचपटीने कमी असू शकते. तेव्हा फरक ५०० अंशांवर जातो आणि साध्या कार्बन स्टीलची ट्यूब तिथे टिकत नाही. आधी फुगवटा येतो, मग ती फुटते.

म्हणून केवळ जाडी पाहून "चालेल" म्हणू नका. खपलीचा तुकडा काढून त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब टाका. फसफसून विरघळला तर मुख्यतः कार्बोनेट. ढिम्म राहिला तर सल्फेट किंवा सिलिका, आणि ते प्रकरण गंभीर आहे. दहा वर्षं चालला हे खरं असेल, पण त्या दहा वर्षांत चिमणीचं तापमान किती वाढलं ते लॉगबुकात बघा. जादा जळण तिथेच सापडेल.

४. पीएच, टीडीएस वगैरे नेमके किती ठेवायचे?

दाबावर अवलंबून आहे. कमी आणि मध्यम दाबाच्या बॉयलरसाठी भारतीय मानक आयएस १०३९२ आहे. तो कागद बॉयलर हाऊसमध्ये असायलाच हवा.

साधारण १०-१७ किलोच्या पॅकेज (जोडून तयार येणाऱ्या) बॉयलरसाठी: फीड वॉटरचा कडकपणा ५ पीपीएमच्या आत (शून्याकडे जितका जाईल तितका बरा), बॉयलर वॉटरचा पीएच १०.५ ते ११.५, टीडीएस ३५०० पर्यंत, फॉस्फेट २० ते ४०, सल्फाइट २० ते ४० पीपीएम.

सहवीजनिर्मितीचे ६७, ८७ किंवा ११० किलोचे बॉयलर हा वेगळाच प्राणी आहे. तिथे डीएम (क्षार काढलेलं) पाणी लागतं, ड्रममधला (जिथे वाफ पाण्यापासून वेगळी होते त्या टाकीतला) टीडीएस शंभरच्या आसपास किंवा त्याहून कमी ठेवतात, पीएच साडेनऊच्या आसपास, आणि सिलिकावर काटेकोर नजर. जास्त दाबाला सिलिका चक्क वाफेत विरघळून टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन बसते. वाफेत ती ०.०२ पीपीएमच्या आत ठेवायची असते. पॅकेज बॉयलरचा अनुभव इथे जसाच्या तसा आणला की घात होतो.

५. ऑक्सिजनसाठी सल्फाइट चांगलं की हायड्राझिन?

आधी पाणी गरम करा, मग केमिकलचं बोलू. ३० अंशांच्या पाण्यात साडेसात पीपीएमच्या आसपास ऑक्सिजन असतो. ८५-९० अंशांना तो दोनच्या आसपास उतरतो. नीट चालणाऱ्या डीअरेटरनंतर (पाण्यातली हवा काढणारं यंत्र) ०.००७ पीपीएम. एक पीपीएम ऑक्सिजनला सुमारे ८ पीपीएम शुद्ध सोडियम सल्फाइट लागतं. २ टनाचा बॉयलर दिवसाला ४० हजार लिटर पाणी घेत असेल तर थंड पाण्यासाठी रोज २.४ किलो सल्फाइट, तेच टाकी गरम ठेवली तर साधारण ६५० ग्रॅम. जादा सल्फाइट सल्फेट होऊन टीडीएस वाढवतं, म्हणजे ब्लोडाऊनही वाढतो. टाकीत कंडेन्सेट (वाफ गार होऊन बनलेलं पाणी) परत आणणं हा सगळ्यात स्वस्त ऑक्सिजन स्कॅव्हेंजर (ऑक्सिजन काढणारा) आहे, हे मी प्रत्येकाला सांगतो.

सल्फाइट ४० किलो दाबापर्यंत निर्धास्त वापरा. ६० किलोच्या आसपास आणि वर ते फुटून सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतात, आणि वाफ-कंडेन्सेट आम्लधर्मी होतं. सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या ट्यूबच्या) स्प्रेला जाणाऱ्या पाण्यात तर कुठल्याच दाबाला नको, कारण त्यातले क्षार थेट वाफेत जातात.

हायड्राझिन टीडीएस वाढवत नाही, म्हणून जास्त दाबाला ते वर्षानुवर्षं वापरलं गेलं. पण ते माणसात कर्करोग घडवण्याची दाट शक्यता असलेल्या रसायनांत मोडतं. उघड्या बादलीतून हाताने ओतणारा माणूस पाहिला की माझ्या पोटात गोळा येतो. कार्बोहायड्राझाइड, डीईएचए, एरिथॉर्बेट असे पर्याय आता सहज मिळतात. थोडे महाग पडतात, पण फायरमनच्या फुप्फुसांपुढे तो हिशेब करू नये.

६. फॉस्फेट आणि पॉलिमर दोन्ही का? एकाने भागत नाही?

दोघांचं काम वेगळं आहे. फॉस्फेट कॅल्शियमला पकडून त्याचा मऊ गाळ करतं. पण त्याला पुरेसा पीएच लागतो. पीएच कमी पडला तर मॅग्नेशियमचा चिकट फॉस्फेट तयार होतो आणि तो ट्यूबवर लेपासारखा बसतो. म्हणून फॉस्फेट बरोबर आणि पीएच साडेनऊ असा रिपोर्ट पॅकेज बॉयलरचा आला, तर फॉस्फेटकडे बघून खूश होऊ नका.

पॉलिमर त्या गाळाचे कण एकमेकांना चिकटू देत नाही, तरंगते ठेवतो, आणि ब्लोडाऊनला ते बाहेर पडतात. ब्लोडाऊनच केला नाही तर पॉलिमरचाही उपयोग नाही.

कधीकधी ईडीटीएसारखे चिलेंट सुचवले जातात. ते कॅल्शियम विरघळलेलंच ठेवतात, आत अगदी स्वच्छ दिसतं. पण डोस जास्त झाला की ते लोखंडावर येतात, आणि पाण्यात ऑक्सिजन असेल तर नुकसान झपाट्याने होतं. दर शिफ्टला टेस्टिंग होत नसेल तिथे चिलेंट वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

७. ब्लोडाऊन किती करायचा? वाफ वाया जाते म्हणून साहेब ओरडतात.

सूत्र सोपं आहे. फीड वॉटरच्या टीडीएसला, बॉयलरची मर्यादा वजा फीडचा टीडीएस, याने भागा. फीड २५०, मर्यादा ३५०० धरा. २५० भागिले ३२५० म्हणजे ७.७ टक्के. तासाला २ टन वाफ असेल तर १५४ किलो पाणी सोडावं लागेल. आता निम्मं कंडेन्सेट परत आणलं आणि फीडचा टीडीएस १२५ झाला, तर हाच आकडा ३.७ टक्के, म्हणजे ७४ किलो. साहेबांना हे दोन आकडे शेजारी लिहून दाखवा. ब्लोडाऊन कमी करायचा रस्ता कंडेन्सेटमधून जातो, व्हॉल्व्ह बंद ठेवण्यातून नाही.

तळाचा ब्लोडाऊन थोडा थोडा, काही सेकंदांचा आणि लोड कमी असताना करा. एकदम मोठा सोडण्यापेक्षा वारंवार छोटा सोडल्याने गाळ जास्त निघतो. वॉटरवॉलच्या (भट्टीच्या भिंतीतल्या ट्यूबच्या) खालच्या हेडरचा ब्लोडाऊन बॉयलर लोडवर असताना करू नका, त्या ट्यूबमधलं पाणी फिरायचं थांबू शकतं.

८. बॉयलर आतून छान आहे, पण कंडेन्सेटच्या पाइपला सारखी भोकं पडतात. असं का?

पाइप कापून बघा. तळाशी लांबट चर पडलेली असेल तर ते कार्बोनिक ॲसिड. प्रश्न २ मधलं न निघालेलं बायकार्बोनेट बॉयलरमध्ये फुटतं, कार्बन डायऑक्साइड वाफेबरोबर जातो आणि वाफ गार झाली की पाण्यात विरघळून पाइप खातो. खोलगट खड्डे असतील तर कुठून तरी हवा शिरते आहे, म्हणजे तो ऑक्सिजन.

कंडेन्सेटचा पीएच साडेआठ-नऊच्या आसपास राहील इतकं न्यूट्रलायझिंग अमाइन (आम्लता मारणारं केमिकल) द्यावं लागतं. जवळच्या, लवकर कंडेन्स होणाऱ्या लाइनला मॉर्फोलिन चालतं. लांबच्या टोकाला सायक्लोहेक्झिलअमाइन पोहोचतं, कारण ते वाफेत जास्त राहतं. मोठ्या कारखान्यात दोन्हींचं मिश्रण वापरतात. अन्नाशी संबंध येत असेल तर आधी प्रश्न १२ वाचा.

९. कंडेन्सेटमध्ये साखर आली तर बॉयलरचं काय होतं, आणि ती येते कुठून?

साखर कारखान्यातला हा सगळ्यात मोठा धोका आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

बॉयलरला ज्यूस आटवणाऱ्या पहिल्या बॉडीचं (भांड्याचं) एक्झॉस्ट कंडेन्सेट, म्हणजे टर्बाइनमधून निघालेल्या वाफेचं पाणी, पाठवतात. चालू असताना कॅलेंड्रियात (बॉडीतल्या तापणाऱ्या ट्यूबच्या भागात) वाफेचा दाब ज्यूसपेक्षा जास्त असतो, त्यामुळे ट्यूबला बारीक भोक असलं तरी वाफच ज्यूसमध्ये जाते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मग नो-केन होतं (ऊस येणं थांबतं), मिल थांबते, एक्झॉस्ट बंद होतो. कॅलेंड्रियातली वाफ गार होऊन तिथे व्हॅक्यूम तयार होतो आणि आता ज्यूस उलटा आत खेचला जातो. मिल पुन्हा सुरू झाली की पहिला लोंढा थेट फीड टाकीत. म्हणून प्रत्येक थांब्यानंतर पहिलं कंडेन्सेट टेस्ट होईपर्यंत बाहेर सोडा, कितीही घाई असली तरी. दुसरा रस्ता व्हेपर (उकळत्या ज्यूसच्या वाफेच्या) कंडेन्सेटचा. बॉडीत लेव्हल जास्त झाली की ज्यूसचे थेंब व्हेपरबरोबर उडून पुढच्या बॉडीत जातात. ते कंडेन्सेट बॉयलरला देऊच नये, इम्बिबिशनला (मिलमध्ये उसाच्या चोथ्यावर सोडायला) आणि प्रोसेसला वापरावं.

साखर बॉयलरच्या तापमानाला फुटून सेंद्रिय आम्लं बनतात. पीएच धाडकन खाली येतो, पाणी तपकिरी होतं, फेस येतो, सॅम्पलला जळक्या साखरेचा वास येतो. फेसाबरोबर पाणी सुपरहीटरमध्ये उडतं, ट्यूबवर कोळशाचा थर बसतो.

दिसताक्षणी: कंडेन्सेट डायव्हर्ट करा आणि मेकअप (बाहेरून नव्याने घेतलेल्या) पाण्यावर जा, सुपरहीटरचा स्प्रे बंद करा, सतत ब्लोडाऊन पूर्ण उघडा, लोड उतरवा, पीएच सावरायला कॉस्टिक द्या. एवढं करूनही पीएच पडतच असेल तर बॉयलर बंद करून रिकामा करा, धुवा आणि पुन्हा भरा. गाळप काही तास थांबेल. ट्यूब गेल्या तर गाळप काही आठवडे थांबेल.

१०. टीडीएस मीटर तर ठीक दाखवत होता, मग साखर कळली कशी नाही?

साखरेने पाण्यातून वीज वाहत नाही. कंडक्टिव्हिटीवर चालणाऱ्या मीटरला शुद्ध साखर दिसतच नाही. ज्यूसमधले क्षार थोडेफार दिसतात, पण तेव्हा उशीर झालेला असतो.

यासाठी अल्फा नॅफ्थॉलची टेस्ट आहे. टेस्ट ट्यूबमध्ये दोनेक मिलिलिटर गार केलेलं कंडेन्सेट घ्या, अल्फा नॅफ्थॉलच्या अल्कोहोलमधल्या द्रावणाचे चार-पाच थेंब टाका, आणि ट्यूब तिरपी धरून तीव्र सल्फ्युरिक ॲसिड काचेच्या कडेने सावकाश सोडा. हलवायचं नाही. दोन थरांच्या मध्ये जांभळी कडी उमटली तर साखर आहे. गॉगल आणि हातमोजे घातल्याशिवाय ही टेस्ट कुणालाही करू देऊ नका. तासातून एकदा, आणि थांब्यानंतर दर दहा-पंधरा मिनिटांनी करा. सोबत कंडेन्सेटवर ऑनलाइन पीएच मीटर आणि आपोआप डायव्हर्ट होणारा व्हॉल्व्ह बसवला असेल तर उत्तमच, पण त्याने जांभळी कडी बघायचं काम टळत नाही.

११. सगळी केमिकल एकाच टाकीत कालवून दिली तर चालतील का?

नाही. फॉस्फेट ड्रममध्ये द्यायचं. फीड लाइनमध्ये दिलं आणि पाण्यात कडकपणा असला तर गाळ इकॉनॉमायझरमध्येच (फीड वॉटर आधी तापवणाऱ्या ट्यूबमध्ये) बसतो. सल्फाइट डीअरेटरच्या स्टोरेज टाकीत, पाण्याच्या पातळीखाली, आणि सतत. सकाळी एकदा बादलीभर ओतलं तर दुपारनंतर बॉयलर उघडा पडतो. अमाइन वेगळ्या टाकीतून द्या. सल्फाइटच्या टाकीला झाकण हवंच, नाहीतर ते टाकीतच हवेतला ऑक्सिजन खाऊन संपतं.

१२. डेअरीत आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यात काय काळजी घ्यायची?

वाफ पदार्थाला थेट लागते का, हा पहिला प्रश्न. लागत असेल तर सप्लायरकडून केमिकलमधले घटक लेखी मागा, नुसतं ब्रँडचं नाव पुरत नाही. अमेरिकेच्या एफडीएच्या नियमानुसार अन्नाला लागणाऱ्या वाफेत मॉर्फोलिन १० पीपीएमपर्यंत आणि सायक्लोहेक्झिलअमाइन १० पीपीएमपर्यंत चालतं. पण दूध आणि दुधाच्या पदार्थांना लागणाऱ्या वाफेत ही दोन्ही चालत नाहीत, आणि हायड्राझिन तर कुठल्याच अन्नाच्या वाफेत शून्य हवं. निर्यात करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावंच. माझ्या मते इतरांनीही हीच रेघ मानावी. डेअरीत अमाइन टाळून मेकअप पाण्यातली क्षारता काढणं हा सरळ मार्ग आहे.

१३. जुन्या, खपली बसलेल्या बॉयलरला पॉलिमर सुरू केला तर खपली निघून जाईल का?

निघेल, आणि धोका तोच आहे. सैल झालेले पापुद्रे खाली पडून ट्यूबचं तोंड किंवा ब्लोडाऊनची लाइन बुजवतात. पाणी थांबलं की ती ट्यूब जळते. जाड खपली असेल तर आधी बॉयलर उघडून हाताने, ब्रशने किंवा ॲसिडने साफ करा.

ॲसिड म्हणजे साधारण ५ टक्के हायड्रोक्लोरिक, त्यात इनहिबिटर (लोखंडाला ॲसिडपासून वाचवणारं केमिकल) मिसळलेला, तापमान ६० अंशांच्या आसपास. इनहिबिटरशिवाय कधीच नाही. स्टेनलेस स्टीलचा भाग असेल तर हायड्रोक्लोरिक अजिबात नको. सल्फेटची खपली याने विरघळत नाही. काम चालू असताना हायड्रोजन निघतो, म्हणून आसपास वेल्डिंग किंवा विडी-काडी नको आणि व्हेंट उघडा हवा. शेवटी धुऊन, सोडा ॲशने आम्लता मारून, पॅसिव्हेशन (लोखंडावर संरक्षक थर) करून लगेच पाणी भरा. ॲसिडने धुतलेलं उघडं लोखंड रात्रभर हवेत ठेवलं तर सकाळी लाल दिसतं.

१४. हंगाम संपला. पुढच्या अग्निप्रदीपनापर्यंत बॉयलर कसा ठेवायचा?

बॉयलर चालू असताना जितका गंजत नाही तितका पावसाळ्यात बंद पडून गंजतो. मधले चार-सहा महिने, त्यात पावसाळ्याची दमट हवा, तेव्हा मी कोरडं ठेवणंच सुचवतो. बॉयलर गरम असतानाच रिकामा करा म्हणजे आतला ओलावा उडतो. न निघणारे सुपरहीटरचे लूप गरम हवेने वाळवा. ड्रममध्ये ट्रेमधून चुनकळी किंवा सिलिका जेल ठेवा आणि सगळं हवाबंद करा. चुन्याचा ट्रे काठोकाठ भरू नका, ओलावा धरून तो फुगतो. महिन्यातून एकदा उघडून बघा आणि विरघळल्यासारखा दिसला तर बदला. सुरू करण्यापूर्वी ट्रे मोजून बाहेर काढा.

थोड्या दिवसांसाठी, म्हणजे कधीही सुरू करायची वेळ येईल तेव्हा, पूर्ण भरून ठेवा. पीएच १० ते ११, सल्फाइट २०० पीपीएमच्या पुढे, वर नायट्रोजनचा दाब. अर्धवट भरलेला बॉयलर ही सगळ्यात वाईट अवस्था. पाण्याच्या रेघेवरच खड्डे पडतात.

भट्टीकडची बाजू विसरू नका. बगॅसची राख ओलावा धरते आणि ट्यूब बाहेरून खाते. ती झाडून, धुऊन, वाळवून घ्या.

१५. चुंबक किंवा इलेक्ट्रॉनिक यंत्र लावलं की केमिकल लागत नाही, असं एक जण सांगून गेला. खरं का?

बॉयलरवर त्याच्या भरवशावर राहू नका. ते ना कडकपणा काढत, ना ऑक्सिजन, ना कार्बन डायऑक्साइड.

१६. इन्स्पेक्टर पाण्याचे रिपोर्ट बघतात का?

१९२३ चा बॉयलर कायदा जाऊन आता २०२५ चा आला आहे, पण तपासणीचा गाभा तोच आहे. बाष्पके संचालनालयाचे अधिकारी बॉयलर उघडून आत बघतात. खपली आणि खड्डे तिथे लपत नाहीत. रिपोर्ट नीट असतील तर बिघाडाचं कारण शोधताना ते तुमच्याच बाजूने बोलतात.

१७. सल्फाइट कितीही टाकलं तरी टेस्टमध्ये शून्य येतं. केमिकल बनावट आहे का?

असू शकतं, पण आधी सॅम्पल तपासा. गरम सॅम्पल उघड्या मगात घेऊन दहा मिनिटं ठेवलं तर त्यातलं सल्फाइट हवेतच संपतं. कूलरमधून गार करून, नळी बाटलीच्या तळापर्यंत नेऊन, बाटली भरून वाहू द्या आणि तिथल्या तिथे टेस्ट करा. तरी शून्यच आलं तर डीअरेटरचा व्हेंट बघा. त्यातून वाफेचा बारीक झोत सतत निघायला हवा. वाफ वाचवायला कुणी तो बंद केला असेल तर ऑक्सिजन आतच कोंडला आहे. मग फीड पंपाच्या सक्शनची ग्लँड (शाफ्टभोवतीचं पॅकिंग) बघा, तिथून हवा ओढली जाते. हे सगळं ठीक असेल तरच सप्लायरला फोन करा.

१८. आमच्या ८७ किलोच्या बॉयलरवर लोड वाढला की फॉस्फेट गायब होतं आणि लोड उतरला की परत येतं. डोस वाढवावा का?

वाढवू नका. याला हाइडआउट म्हणतात. जास्त दाब आणि जास्त उष्णतेला फॉस्फेट ट्यूबच्या तापलेल्या भिंतीवर, विशेषतः जिथे आधीच थर आहे तिथे, जाऊन बसतं. लोड कमी झाला की पुन्हा पाण्यात विरघळतं. फॉस्फेट बसताना मागे मोकळं कॉस्टिक राहतं आणि पीएच वर सरकतो. परत येताना पीएच खाली येतो. रिपोर्टात पीएच आणि फॉस्फेट उलट दिशेने हलताना दिसले तर ओळखा.

लोड जास्त असताना घाबरून फॉस्फेट दिलं आणि तो उतरला, तर एकदम दुप्पट फॉस्फेट हाती येतं. उलट, पीएच वर गेला म्हणून फक्त कॉस्टिकचा हिशेब करत बसलात तर थराखाली कॉस्टिक साठून ट्यूबला खोल खळगे पडतात. स्थिर लोडवरचे आकडे धरा, डोस कमी पातळीवर एकसारखा ठेवा, आणि पुढच्या बंदमध्ये भट्टीसमोरची एक ट्यूब कापून आतला थर मोजून घ्या. थर जाड निघाला तर उपाय धुण्यात आहे, डोसिंग पंपात नाही.